इमाम शाफई (रह.) : आईने कुरआनाशी जोडलेला मुलगा



तुमच्या घरात चार-पाच वर्षांचे मूल असेल, तर याला कुरआन वाचायला कधी आणि कसे बसवायचे, हा प्रश्न तुमच्या मनात येऊन गेला असेलच. काही घरांत बिस्मिल्लाहचा समारंभ थाटात होतो, मिठाई वाटली जाते, मुलाच्या हातात कायदा दिला जातो. मग मोठ्यांना वाटते की आपले काम झाले, आता पुढचे उस्ताद बघतील. काही घरांत याच्या उलट घडते. आई-वडिलांना स्वतःलाच अरबी नीट वाचता येत नाही, किंवा शिकवणीचे पैसे जमत नाहीत. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू, असे करता करता मूल दहा वर्षांचे होते आणि मग ते लहान मुलांबरोबर अलिफ-बे म्हणायला लाजते.

या दोन्ही घरांसाठी आज एका अशा मुलाचे जीवन सांगायचे आहे, ज्याच्याजवळ वडील नव्हते, पैसा नव्हता आणि लिहायला कागदही नव्हता. त्याच्याजवळ आई होती. पुढे हा मुलगा इमाम शाफई (रहमतुल्लाह अलैह) या नावाने जगाला ठाऊक झाला.

गझ्झाहून मक्केला

त्यांचे नाव मुहम्मद बिन इदरीस. जन्म हिजरी १५० मध्ये, म्हणजे इ.स. ७६७ साली, पॅलेस्टाईनमधील गझ्झा येथे झाला. याच वर्षी इमाम अबू हनीफा (रह.) यांचे निधन झाले होते. मुहम्मद यांचे घराणे कुरैश कबिल्याचे, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कुळाशी जवळचे नाते असणारे. पण कुळ मोठे असले म्हणून घरात धान्य येत नाही. मूल अगदी तान्हे असताना वडील वारले आणि आई परक्या गावी एकटी राहिली.

मूल दोन वर्षांचे झाले तेव्हा आईने त्याला घेऊन मक्केला जाण्याचा निर्णय घेतला. आपण गझ्झात राहिलो तर मुलगा आपल्या माणसांपासून तुटेल आणि त्याची ओळख हरवेल, ही भीती त्यांना होती. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. गझ्झा ते मक्का हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे. वाट वाळवंटाची, सोबत कडेवरचे मूल. मक्केला पोहोचल्यावर श्रीमंती वाट पाहत होती असेही नाही. तिथेही हलाखीच होती. पण तिथे काबागृह होते, कुरआनाचे जाणकार होते आणि मुलाच्या कानावर दिवसरात्र पडणारी तिलावत होती.

या माऊलीबद्दल चरित्रकारांनी आणखी एक प्रसंग नोंदवला आहे. एकदा मक्केच्या काझीसमोर त्या दुसऱ्या एका स्त्रीबरोबर साक्ष द्यायला उभ्या होत्या. दोघींना वेगवेगळे करून साक्ष घ्यावी, असे काझींच्या मनात आले. तेव्हा त्यांनी शांतपणे सूरह बकरहमधील आयतीची आठवण करून दिली. त्या आयतीत दोन स्त्रियांच्या साक्षीचा उल्लेख आहे, आणि एक विसरली तर दुसरीने तिला आठवण द्यावी, हे त्यामागचे कारणही सांगितले आहे. दोघींना वेगळे केले तर आठवण कोण देणार? काझींना आपला विचार सोडावा लागला. म्हणजे कुरआन त्यांच्या फक्त ओठांवर नव्हता, तो त्यांना समजत होता. मुलगा कोणत्या घरात वाढला हे यावरून ध्यानात येते.

मकतबच्या कोपऱ्यातला मुलगा

मुलगा शिकण्याच्या वयाचा झाला तेव्हा आईने त्याला मकतबमध्ये नेले. पण उस्तादांना द्यायला त्यांच्याजवळ काहीच नव्हते. उस्तादही पोटासाठीच शिकवत होते. फी न देणाऱ्या मुलाकडे लक्ष द्यायला त्यांना सवड नव्हती. तरी आईने मुलाला घरी परत आणले नाही. तो कोपऱ्यात बसून राहिला.

तिथेच त्याची बुद्धी दिसून आली. उस्ताद इतर मुलांना जे सांगत ते तो कान देऊन ऐके. मुलांचे लिहून होईपर्यंत त्याचे पाठही झालेले असे. उस्ताद बाहेर गेले की तोच धडा तो इतर मुलांना पुन्हा सांगू लागला. उस्तादांच्या हे लक्षात आले. आपण नसताना वर्ग सांभाळणारा मुलगा मिळाला, म्हणून त्यांनी त्याच्याकडून फी घ्यायची नाही असे ठरवले. सातव्या वर्षी त्याचा संपूर्ण कुरआन मुखोद्गत झाला.

वाचकहो, इथे घटकाभर थांबा. आपण ही गोष्ट ऐकतो आणि म्हणतो, काय विलक्षण मूल! तसे मूल विरळाच. तुमचे मूल सात वर्षांत हाफिज झाले नाही तर त्यात त्याचा काही दोष नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून त्याला शिणवूही नका. आपल्याला घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तो मुलगा शिकवत शिकवत शिकला. तुमचे मूल आज बे आणि ते यांतला फरक शिकून आले असेल, तर संध्याकाळी त्याला धाकट्या भावंडाचा उस्ताद होऊ द्या. धाकटे भावंड नसेल तर तुम्ही शिष्य व्हा. त्याने तुम्हाला विचारावे, तुम्ही उत्तर द्यावे. तुम्हाला अरबी येत नसेल तर फारच चांगले, तुमच्याही शिक्षणाची सुरुवात होईल. स्वतःला येत नाही ही लाज अनेक आई-वडिलांना मुलाच्या पुस्तकापासून दूर ठेवते. मुलाला मात्र आपल्याबरोबर शिकणारी आई पाहून हुरूपच येतो.

आधी कान, मग डोळा

त्या काळच्या वाचनाबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आज आपल्या मुलांच्या कायद्यात प्रत्येक अक्षरावर जबर, जेर, पेश, जज्म, तशदीद अशा खुणा असतात. सुरुवातीच्या मुसहफांमध्ये अशा खुणा नव्हत्या. स्वर दाखवण्यासाठी रंगीत ठिपके देण्याची पद्धत अबुल अस्वद दुअली (रह.) यांच्या नावे सांगितली जाते. त्यांचे निधन हिजरी ६९ चे. आजच्या खुणांचे मूळ रूप बसऱ्याचे भाषापंडित खलील बिन अहमद यांनी दिले असे मानले जाते, आणि खलील हे इमाम शाफईंच्या लहानपणी हयात होते. म्हणजे या खुणा तेव्हा नव्या होत्या. नुसत्या डोळ्यांनी कुरआन शिकता येईल अशी सोयच नव्हती. उस्तादांच्या तोंडून ऐकायचे, त्यांच्यासमोर म्हणून दाखवायचे आणि चुकले की तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायचे, अशी ती रीत होती.

मक्केत इमाम शाफई (रह.) यांनी कुरआनाचे पठण इस्माईल बिन कुस्तनतीन या नामवंत कारींकडून शिकून घेतले. त्यांची परंपरा मक्केचे प्रसिद्ध कारी इब्ने कसीर यांच्यापर्यंत जाते. आपल्या देशात मुले जे पठण शिकतात ते कूफा येथील इमाम आसिम यांचे, त्यांचे शिष्य हफ्स यांच्याकडून आलेले. हे हफ्स म्हणजे इमाम आसिम यांच्या पत्नीचा आधीचा मुलगा. ते आसिम यांच्याच घरात वाढले आणि त्यांच्याच तोंडून ऐकून शिकले. एका घरातला धडा आज जगातल्या बहुतेक मुसलमान मुलांच्या ओठांवर आहे!

आपल्या मुलांसाठी याचा अर्थ सरळ आहे. कायदा हातात देण्याआधी कानाची तयारी करा. आई स्वयंपाक करताना सूरह फातिहा म्हणते, वडील फजरनंतर दहा मिनिटे तिलावत करतात, हे रोज ऐकणाऱ्या मुलाचा निम्मा धडा अक्षर दिसण्याआधीच झालेला असतो. मोबाइलवर चांगल्या कारींची तिलावत लावता येते, तीही जरूर लावा. पण यंत्र ऐकवते, ऐकून घेत नाही. मुलाची चूक ओळखायला माणसाचाच कान लागतो.

मराठी घरातल्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. अरबीत २८ अक्षरे आहेत आणि त्यांतले काही उच्चार आपल्या जिभेला ओळखीचे नाहीत. घशातून निघणारा ऐन मराठीत नाही. दोन वेगळे हकार नाहीत. पडजिभेजवळून निघणारा काफ आणि आपला नेहमीचा क यांत फरक केला नाही, तर हृदयासाठी असलेला शब्द कुत्र्याचा वाचक होऊन बसतो. हा फरक पुस्तकात पाहून येत नाही. म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत, पुन्हा पुन्हा ऐकत तो येतो. म्हणून पहिले काही महिने असा उस्ताद शोधा ज्याचे उच्चार शुद्ध आहेत आणि ज्याच्यात धीर आहे. पुढची पाने भराभर उलटण्यापेक्षा पहिली चार पाने नीट होणे मोलाचे.

हाडांनी भरलेला रांजण

कुरआन पाठ झाल्यावर हा मुलगा मशिदीत विद्वानांच्या सभेत बसू लागला. ऐकलेले लिहून ठेवावे असे त्याला वाटे, पण कागद महाग होता. मग तो जनावरांच्या खांद्याची रुंद हाडे गोळा करी आणि त्यांवर लिही. सरकारी कचेरीत जाऊन एका बाजूने वापरलेले कागद मागून आणी आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिही. घरात एक जुना रांजण होता. हाड भरून गेले की ते त्या रांजणात जाई. आईने त्या हाडांना अडगळ म्हटले नाही. रांजण भरत गेला.

दहाव्या वर्षापर्यंत त्याने इमाम मालिक (रह.) यांचा मुअत्ता हा हदीसग्रंथ पाठ केला होता, असे चरित्रकार सांगतात. शुद्ध अरबी शिकण्यासाठी तो हुजैल या कबिल्यात जाऊन राहिला. हे लोक वाळवंटात राहत आणि त्यांची भाषा अस्सल मानली जाई. त्यांच्याबरोबर तो फिरला, त्यांच्या कविता पाठ केल्या, तिरंदाजीतही तरबेज झाला. पुढे भाषेचे मोठे जाणकार अस्मई यांनी हुजैलच्या कविता याच तरुणाकडून तपासून घेतल्या.

हे सारे कशासाठी? ज्या भाषेत अल्लाहची वाणी उतरली ती भाषा समजली नाही तर पाठांतर ओठांवरच राहते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे आपल्या अर-रिसाला या ग्रंथात त्यांनी प्रत्येक मुसलमानाने आपल्या कुवतीप्रमाणे अरबी शिकावी, असे मत मांडले. कुवतीप्रमाणे हा शब्द विसरू नका. त्यात सवलतही आहे आणि जबाबदारीही. तुमचे मूल सूरह इख्लास वाचू लागले की त्याच दिवशी तिचा अर्थ त्याला सोप्या मराठीत सांगा. चार छोट्या आयती आहेत, पाच मिनिटांचे काम.

बेड्या, दरबार आणि एक सल्ला

तरुण शाफई (रह.) मदीनेला इमाम मालिक (रह.) यांच्याकडे गेले आणि हिजरी १७९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडून शिकले. नंतर उपजीविकेसाठी यमनमध्ये सरकारी काम पत्करले. तिथे त्यांच्यावर बंडखोरांशी संबंध असल्याचा आळ आला आणि बेड्या घालून त्यांना खलिफा हारून रशीद यांच्यासमोर उभे करण्यात आले. त्यातून ते सुटले. संकट टळल्यावर त्यांनी इराकमधले ज्ञान मिळवण्याची संधी साधली. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे शिष्य मुहम्मद बिन हसन शैबानी यांच्याकडून त्यांनी इतके लिहून घेतले की एक उंट भरला, असे सांगतात.

याच दरबाराशी जोडलेला एक प्रसंग आई-वडिलांनी आणि उस्तादांनी मनावर कोरून ठेवावा असा आहे. एकदा खलिफांच्या भेटीसाठी थांबले असताना इमामांची गाठ राजपुत्रांच्या शिक्षकांशी पडली. चार शब्द सांगावेत अशी त्यांना विनंती झाली. इमामांनी सांगितले ते असे : मुलांना सुधारण्याची सुरुवात शिक्षकाने स्वतःपासून करावी, कारण मुलांचे डोळे त्याच्यावर खिळलेले असतात, तो जे चांगले मानील तेच त्यांना चांगले वाटेल. अल्लाहचा ग्रंथ त्यांना शिकवावा, पण अशी जबरदस्ती करू नये की ती कंटाळतील, आणि असे मोकळेही सोडू नये की ती तो सोडूनच देतील. एक गोष्ट पक्की झाल्याशिवाय दुसरीकडे नेऊ नये.

बाराशे वर्षे झाली, पण आपल्या दोन्ही चुका या सल्ल्यात आल्या आहेत. छडीच्या धाकाने शिकलेली कितीतरी माणसे मोठेपणी मुसहफ उघडत नाहीत, कारण उघडला की आधी हाताला छडी आठवते. आणि जबरदस्ती नको म्हणून ज्यांना कधी बसवलेच नाही, तीही मोठेपणी उघडत नाहीत, कारण वाचताच येत नाही. या दोहोंच्या मधली वाट रोजच्या पंधरा मिनिटांची आहे. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, एकच छोटा धडा, आणि मूल थकण्याआधी थांबणे. पाहुणे आले, परीक्षा आली, तरी पंधरा नाही तर पाच मिनिटे. खंड मात्र नको.

चाळीस वेळा

हिजरी १९९ च्या सुमारास इमाम शाफई (रह.) मिसरमध्ये, फुस्तात शहरात गेले आणि तिथल्या अम्र बिन आस यांच्या मशिदीत शिकवू लागले. फजरनंतर सर्वांत आधी कुरआन शिकणारे येत. सूर्य वर आला की हदीसवाले, त्यानंतर चर्चा करणारे, मग भाषा आणि कविता शिकणारे. दिवसाची पहिली वेळ कुरआनाची, हा क्रम पाहण्यासारखा आहे.

त्यांच्या शिष्यांत रबीअ बिन सुलैमान नावाचे एक होते, त्याच मशिदीत अजान देणारे. स्वभावाने प्रामाणिक, पण समजायला वेळ लागणारे. चरित्रग्रंथांत आहे की एकदा इमामांनी एकच मुद्दा त्यांना एकाच बैठकीत चाळीस वेळा समजावला. तरी तो त्यांना उमगला नाही. सर्वांसमोर शरम वाटून ते उठून गेले. इमामांनी नंतर त्यांना एकांतात बोलावले आणि समजेपर्यंत पुन्हा समजावले.

एकदा ऐकून पाठ करणाऱ्या माणसाने हे केले. ज्याला स्वतःला झटकन येते त्याला दुसऱ्याच्या सावकाशीचा राग लवकर येतो. इमामांना तो आला नाही. कदाचित फी नसल्यामुळे कोपऱ्यात बसलेला मुलगा ते विसरले नसतील. आणि पुढे काय झाले पाहा. इमामांचे ग्रंथ, रिसाला आणि किताबुल उम्म, आपल्यापर्यंत मुख्यतः याच रबीअ यांच्यामार्फत पोहोचले. तुमचे मूल एका पानावर महिनाभर अडले, तर शेजारच्या मुलाशी त्याची तुलना करण्याआधी रबीअ यांना आठवा. चूक सर्वांसमोर काढू नका. जवळ घ्या, एकट्यात पुन्हा सांगा.

अखेर आणि वारसा

इमाम शाफई (रह.) यांना मिसरमध्ये आजारपणाने फार त्रास दिला. त्यातही त्यांनी लिहिणे आणि शिकवणे थांबवले नाही. हिजरी २०४ च्या रजब महिन्यात, म्हणजे इ.स. ८२० च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. हिजरी गणनेने वय ५४. प्रेषितांच्या घराण्यातील विदुषी सय्यदा नफीसा (रह.) यांच्या घरी त्यांचा जनाजा नेण्यात आला आणि त्यांनी नमाज अदा केली, असे सांगतात. एका स्त्रीच्या कडेवरून ज्यांची वाट सुरू झाली, त्यांना निरोप देणाऱ्यांतही एक स्त्री होती. कैरोमध्ये त्यांची कबर आहे.

त्यांच्या विचारपरंपरेचे लोक आज इंडोनेशियापासून पूर्व आफ्रिकेपर्यंत पसरले आहेत. समुद्रमार्गाने ती केरळात आली, भटकळला आली आणि आपल्या कोकणातही आली. रत्नागिरी, रायगडच्या खाडीकाठच्या गावांतले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. मुंबईतील माहीमचे मखदूम अली माहिमी (रह.), ज्यांनी अरबीत कुरआनाचे भाष्य लिहिले, तेही याच परंपरेतले. फुस्तातच्या मशिदीतला धडा आपल्या खाडीपर्यंत असा आला.

बंधू-भगिनींनो, त्या मातेचे नावही बहुतेकांना ठाऊक नाही. तिने ग्रंथ लिहिला नाही. तिने केले ते एवढेच : मुलाला चांगल्या जागी नेले, फी नसतानाही मकतबच्या दारातून परत फिरवले नाही, आणि घरातल्या रांजणात हाडे साठू दिली. यातले कोणते काम तुमच्या-माझ्या आवाक्याबाहेर आहे?

आज मगरिबनंतर मुलाला जवळ बसवा. हातात कायदा नसला तरी चालेल. तुम्ही बिस्मिल्लाह म्हणा, सावकाश. त्याला म्हणू द्या. चुकला तर हसू नका, पुन्हा म्हणा. उद्या त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा बसा.

अल्लाह आपल्या मुलांची जीभ आपल्या वाणीसाठी सोपी करो, आणि आपल्याला त्यांच्याबरोबर बसण्याचा धीर देवो. आमीन.